दिवसा सांगितलेली काणी

आमच्या अंगणवाडीतली पोरं एका गोष्टीसाठी तालुक्यात बदनाम होती. त्यांना काहीही विचारा, सगळी एका दमात ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

एकदा नव्या पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. कडक इस्त्रीची साडी, मऊ बोलणं. पोरांना समोर बसवून त्यांनी विचारलं, "मुलांनो, रोज उसळ मिळते ना?"

"व्हय म्हाराजा!"

"जेवायच्या आधी हात धुता ना?"

"व्हय म्हाराजा!"

मी आपली कौतुकानं बाजूला उभी. मग बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "बाई तुम्हाला मारतात का रे?"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कुलूप लावून मधेच घरी जातात?"

"व्हय म्हाराजा!" हे तर आणखी जोरात. माझी मदतनीस पारू तोंडावर पदर दाबून चुलीकडे पळाली. बाईंनी वही उघडली. मी म्हटलं, "मॅडम, एक कृपा करा. तुम्ही सगळे बेडूक आहात का, असं विचारा." त्यांनी विचारलं. पोरांनी त्याच भक्तिभावानं आपण बेडूक असल्याचं कबूल केलं. बाई हसत सुटल्या आणि माझी नोकरी वाचली.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावातला मानाचा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्यानं सांगतो, बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांचा बरां कर, वाटेर असतीत तेंका सुखरूप घरी आण. एकेक मागणं झालं की मागे उभं असलेलं अख्खं गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा!" माणसाचं मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. मी लहानपणापासून हे ऐकत आले. अंगणवाडीत लागले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की तीन-चार वर्षांच्या पोरांना गोष्ट सांगायची तर त्यांची तोंडं कामात ठेवायला हवीत, नाहीतर एक झोपतं, दुसरं चावतं, तिसरं उठून घरी चालू लागतं. म्हणून मी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिकवलं. पोरं इतकी तरबेज झाली, की काणी संपली तरी थांबायला तयार नसायची. गोष्टीला आम्ही काणी म्हणतो.

गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या गावात आबांचा. उंच, ताठ, खांद्यावर कायम पंचा. ते एकदा तणतणत अंगणवाडीच्या दारात आले. "सुलभाबाय, ह्यां काय चल्लाहा? कुर्लेक म्हाराजा म्हणतत पोरां! देवाचा बोलणा तां."

"आबानू, कुर्ली काय देवान केल्यान नाय? तुम्ही केलास?" कुर्ली म्हणजे खेकडी, आमच्या एका काणीतली.

आबांनी पंचा झटकला आणि चालू पडले. दुसऱ्या दिवशीपासून मात्र आमच्या गोष्टीच्या वेळी नेमके समोरच्या आपल्या पडवीत येऊन बसू लागले. विचारलं तर म्हणायचे, वारो बरो लागता हयसर.

सरकारी भाषेत मी सेविका. काम म्हणाल तर पोरांना खाऊ घालायचं, वजनं करायची, गरोदर बायांवर लक्ष ठेवायचं, लशीच्या दिवशी आयांना ओढून आणायचं आणि हे सगळं केलं म्हणून चार-चार ठिकाणी लिहायचं. वजन करणं म्हणजे काय असतं ते एकदा येऊन बघा. वाशाला काटा टांगलेला, त्याखाली झोळी, झोळीत आकाशपाताळ एक करणारं पोर, आणि बाहेर त्याची आजी मला शिव्या देते आहे, की माझ्या नातवाक बाजारातल्या बटाट्यासारखो तोलतंस! पण वर्षानुवर्षं हे केल्यावर डोळ्यांनाच वजन कळायला लागतं. पोर कडेवर न घेता, नुसतं फ्रॉक खांद्यावर कसा बसलाय ते बघून मी सांगायची, की ह्या घरात काहीतरी बिनसलंय.

आणि सगळ्यांत मोठं काम, जे कुठल्याच कागदावर नाही, ते काणी सांगण्याचं. काणीवाचून आमची उसळ खपत नसे. त्यातही घोटाळे व्हायचे. एकदा मी वाघाची काणी सांगत होते. वाघ उपाशी, रानात भटकतोय, आणि तेवढ्यात गॅस संपला म्हणून पारूनं हाक मारली. काणी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी एका पोराची आई भांडायला हजर. "बाई, काय सांगितलास झिलाक? भाकरी खाना नाय, वयीकडे नेवन ठेवता. वाघ जेवक नाय म्हणता!" कुंपणाशी वाघ काही आला नाही, पण वाडीतले यच्चयावत कुत्रे आले आणि पुढचे कितीतरी दिवस ते जागा सोडीनात. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. काणी अर्धी सोडायची झाली तरी त्यातल्या जनावराला आधी जेवायला घालायचं.

मला काण्या कोणी दिल्या? माझ्या आतयेनं. ती संध्याकाळी मासळी साफ करून, हात धुऊन, पाय पसरून बसायची आणि सुरुवात करायची. तिचे दोन नियम. एक म्हणजे दिवसा काणी सांगायची नाही, सांगितली तर घरचं जे माणूस वाटेवर असेल ते वाट चुकतं. सांगावीच लागली, तर आधी पदराला गाठ मारायची. ज्याच्यासाठी गाठ, त्यानं घरी पोचून स्वतःच्या हातानं ती सोडवायची. तिचे यजमान, आमचे आतोबा, मचव्यावर असायचे. समुद्रावरून आले की पाय धुवायच्या आधी आतयेच्या पदराची गाठ सोडवायचे. आतये लाजायची, आम्ही पोरं खिदळायचो.

दुसरा नियम, काणी मधे थांबवायची नाही. तो मात्र मीच मोडायची, कारण मला झोप यायची. त्यामुळे आतयेच्या निम्म्या काण्यांचे शेवट मला माहीत नाहीत. मोठी झाल्यावर विचारू, विचारू म्हणत राहिले, आणि आतये गेली. याची हळहळ मला अजून वाटते. माणसाच्या अंगावरचे दागिने आपण कापसात ठेवून जपतो, आणि तोंडात होतं ते असंच जाऊ देतो.

अंगणवाडी तर दिवसाचीच. म्हणून मी नियमातून वाट काढली होती. रोज काणीच्या आधी एकेका पोरानं माझ्या पदराला गाठ मारायची. पोरं सुटून घरी जायची, दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आली की त्यांनीच ती सोडवायची. गाठ सोडवायला आलेली पोरं म्हणजे माझी हजेरी. पदर सगळे फाटले माझे, पण एकही पोर वाट चुकलं नाही.

आमची सगळ्यांत लाडकी काणी कुर्लीची. तिची बहीण लांब डोंगराकडे राहते, तिच्या घरी बारसं आहे. कुर्ली पाटीत खाजा घेऊन निघते. पण कुर्लीची चाल वाकडी! तोंड डोंगराकडे आणि पाय भलतीकडे. त्यामुळे ती बहिणीकडे पोचतच नाही, दर वेळी कुणा दुसऱ्याच्याच दारात. बेडकाच्या विहिरीवर, घारीच्या माडावर, कासवाच्या पुळणीवर. दारात उभी राहून विचारते, "ह्यां माझ्या भयणीचा घर काय गो?" आणि आतून उत्तर येतं, "नाय गो बाय, पण इलंस तर बस, पाणी पी." हे उत्तर पोरांनी द्यायचं, कोरसमध्ये. कुर्ली पाणी पिते, थोडा खाजा त्यांना देते, पुढे निघते.

आणि शेवट? मी झोपले होते ना! मला माहीतच नव्हता. मग मी कुर्लीला नोकरीभर चालवत ठेवली. उसळ शिजली की कुर्ली एखाद्या घरी मुक्कामाला थांबायची. कितीतरी पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, त्यांची लग्नं झाली, तरी कुर्ली काही बारशाला पोचली नाही. एका बाप्यानं मला भर बाजारात विचारलं होतं, "बाई, तां पोर आता बारशाचा रवला खंय? त्याचा लगीन झाला असतला!"

मग तो कोरोना आला.

अंगणवाडी बंद. मुंबईहून चाकरमानी गावाला यायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावानं आपल्याच माणसांसाठी मोरीवर, म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेल्या लहान पुलावर, आडवा बांबू बांधला. येईल त्यानं आधी अंगणवाडीशेजारच्या शाळेत राहायचं, दिवस पुरे झाले की घरी. हे नियमाचं होतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण भीती माणसाला काय करायला लावते ते मी तेव्हा पाहिलं. ज्या बाईनं गणपतीत मुंबईकरांसाठी घावणे घालून घालून कंबर मोडून घेतली, तीच आपल्या घराची शाळेच्या बाजूची खिडकी खिळे मारून बंद करत होती. गावच्या समितीचे प्रमुख आबा. ते काही दुष्ट नव्हेत. त्यांच्या बायकोला दमा, घरात ती एकच सोबत. त्यांची झोप उडाली होती.

त्या शाळेत एक दिवस सुनील आला, आमच्याच वाडीतला, सोबत चार वर्षांची मुलगी ओवी. बायको मनीषा मुंबईत इस्पितळात नर्स. तिला सुटी नव्हती, आणि तिच्या कामामुळे मुलीला घरात ठेवायची सोय नव्हती. म्हणून बाप आणि लेक इकडे आणि आई तिकडे.

मी रोज घरोघर फिरून ताप बघायची, कोरडा शिधा पोचवायची. शाळेच्या गडग्याशी, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाशी, उभी राहून हाक मारली तर सुनील आतून म्हणाला, "बाई, काय करू? दोन घास पन घेत नाय. आई आली की जेवेन म्हणता." त्याच्या पाठीमागून मुलगी डोकावली. फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरत होता. वजन कळायला मला काटा लागला नाही.

मी गडग्याच्या बाहेर, फणसाखाली, मास्क बांधून बसले आणि जोरात सुरुवात केली, "एक होती कुर्ली!" ओवीनं आधी पाठ फिरवली. बेडकाच्या विहिरीपाशी कुर्ली आली तेव्हा ती अर्धी वळली. घारीच्या माडावर आली तेव्हा पेजेची वाटी तिच्या मांडीवर होती. मी काय केलं, कुर्लीला प्रत्येक दारात जेवायलाच बसवलं. कुर्ली घास घेईल तेव्हा ओवी घास घेई. सुनील मागे उभा राहून रडत होता, येडो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आसपासची माझी जुनी पोरं आपापल्या गडग्यांवर येऊन बसली. लांब लांब, पण सगळी कान देऊन. कुर्ली दारात आली की पाच-सहा गडग्यांवरून उत्तर यायचं, "नाय गो बाय, पण इलंस तर बस, पाणी पी!" ज्या घरांपर्यंत माझा आवाज पोचत नव्हता तिथं पोरं ओरडून काणी पुढे द्यायची. वाडीच्या शेवटच्या घरी ती पोचेपर्यंत कुर्लीकडे मोबाईल आला होता आणि घारीला ताप. कितीतरी दिवसांनी वाडीत मोठ्यानं हसू ऐकू आलं. समोरच्या पडवीत आबा वारा खात होतेच.

आणि तिथंच मी घाण केली. एका पोरीनं गडग्यावरून विचारलं, "बाय, आज गाठ खंय मारलास?"

मी पदर बघितला. गाठ नव्हती. त्या दिवशी नव्हती, आदल्या दिवशी नव्हती, एकदाही नव्हती! अंगणवाडीत पोरं मारायची, इथं पदराला हात लावायला पोर जवळ कुठलं? माझ्या ध्यानातच आलं नाही.

"गाठ कशाला?" ओवीनं विचारलं.

गडग्यांवरून सगळ्यांनी मिळून खुलासा केला. "दिवसा काणी सांगितली तर वाटेवरचो माणूस वाट चुकता!"

ओवीच्या हातातला चमचा खाली पडला. "माझी आई येणार आहे," ती म्हणाली. "आई वाट चुकणार!" आणि तिनं जो टाहो फोडला, तो मला आत्ता लिहितानाही ऐकू येतो. वाटी उलटी झाली. ती संध्याकाळी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी गडग्याशी दिसले तरी ती दोन्ही कानांवर हात ठेवायची, की मी चुकूनसुद्धा काणी सांगू नये. मी आयुष्यभर पोरांना काणीनं जेवायला घातलं, आणि इथं माझ्याच काणीनं पोर उपाशी राहिलं होतं.

पारू म्हणाली, "सांग तिका, सगळा खोटा आसा."

"खोटा कसा सांगू? मगे कुर्ली पण खोटी, तिची आवस येतली तां पण खोटा."

मी पारूला घेऊन तिसऱ्या दिवशी गडग्याशी गेले. ओवीनं कान झाकलेले, पण डोळे उघडे होते, तेवढं मला पुरे होतं. मी पदर पुढे घेतला आणि तिला दिसेल अशी करकचून गाठ मारली. मग पारूनं आपल्या पदराला मारली. मग मी गडग्यांवरच्या पोरांना ओरडून सांगितलं, "रे, माझ्या मागल्या गाठी रवल्यात! ओवीच्या आवशीसाठी. जेका जमात तेणी मारा!"

मागच्या तारखेच्या गाठी मारायचं काम गावानं असं उचललं, की काही विचारू नका. पोरांनी सदऱ्यांना मारल्या, केळीच्या सोपट्यांना मारल्या. कपड्यांच्या दोरीला इतक्या मारल्या, की ती आखूड होऊन खांबाला पोचेना. एकानं गाईच्या दाव्याला मारली आणि गाय सुटेना म्हणून त्याच्या बापसानं मला हाका मारल्या. ओवीचे हात कानांवरून हळूहळू खाली आले. तिनं आपल्या फ्रॉकचा नाडा धरला आणि बापाला म्हणाली, "बाबा, मला पण मारून द्या." मग वळून मला म्हणाली, "आता सांगा. पण आई येईपर्यंत संपवायची नाही हां."

संपवतंय कशाक? मला शेवट कुठे येत होता!

दिवस पुरे झाले, बाप-लेक शाळेतून घरी गेले. काणी चालूच राहिली. मग एक दिवस सुनील धावत माझ्याकडे आला. मनीषा येत होती. ती मधे स्वतः आजारी पडली होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. बरी झाली होती, डॉक्टरांचा कागद होता, सुटी मिळाली होती.

मी मोरीवर पोचले तेव्हा गाडी तिला सोडून मागे फिरली होती. बांबूच्या पलीकडे, मोरीच्या कठड्यावर ती बसली होती, पायाशी बॅग. इतकं थकलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. बांबूच्या अलीकडे समिती, त्यामागे अर्धं गाव, एकमेकांपासून अंतर ठेवून.

"शाळेत रवतली ती, नियमान," सुनील म्हणत होता. "थय दोन खोल्ये रिकामे आसत."

"इस्पितळातली बाई ती," कोणीतरी म्हणालं. "तेच रोगी हाताळता. तालुक्याक नेवन ठेवा."

आबा खाली मान घालून म्हणाले, "सुनील, राग मानू नको. गावात म्हातारी माणसां आसत."

मला राग आला. पण राग येऊन उपयोग नव्हता, कारण त्यांची भीती खरी होती. तेवढ्यात माझं लक्ष आबांच्या खांद्यावर गेलं. मी म्हटलं, "आबानू, पंचाक गाठ कसली ती?"

आबा दचकले. "ही? ही... चावी बांधलंय."

"दाखवा बघू चावी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी पंचा घट्ट धरला. तोंड लाल.

एवढ्यात ओवी बांबूपाशी पोचली होती. सुनीलनं तिला पकडून धरलं होतं. ती रडली नाही. तिनं ओरडून विचारलं, "आई, तू वाट चुकलीस का?"

"नाही गं," मनीषा म्हणाली. "बघ, आले ना."

"कुर्ली अजून पोचली नाही. बाईंना शेवट येत नाही."

लेकराच्या तोंडून भर गावात माझं बिंग फुटलं. मनीषानं विचारलं, "कुठली कुर्ली?"

"वाकडी चालते ती. बहिणीकडे बारशाला."

मनीषाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "अगंबाई, ती? ती आमच्या वैभववाडीकडची. माझी आई सांगायची." आणि ती तिथंच, कठड्यावर बसून, मास्कमधून सांगू लागली. आवाज बसलेला, पण पोरं शांत झाली. "कुर्ली चालून चालून दमली. खाजा संपला. समोर एक घर होतं, तिनं विचारलं, ह्यां माझ्या भयणीचा घर काय गो?"

पोरांना ठाऊक होतं आपलं काम. सगळ्या गावानं शिकवलेलं असल्यासारखी ती एका आवाजात ओरडली, "नाय गो बाय, पण इलंस तर बस, पाणी पी!"

मोरीखालून पाणी वाहत होतं. मुंबईहून आलेल्या त्या बाईला अजून कोणी पाणी विचारलं नव्हतं. मी नाही, आबांनी नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पारू मागे वळली आणि जवळच्या घराकडे चालू लागली.

मनीषा आपल्याच नादात होती. "मग कुर्ली म्हणाली, आता मी चालत नाही. माझी चालच वाकडी, मी कितीही चालले तरी माझं घर मला सापडायचं नाही. ती एका दगडावर बसली आणि तिनं हाक मारली. ती हाक बहिणीनं ऐकली. बेडकानं ऐकली, घारीनं ऐकली, कासवानं ऐकली, ज्यानं ज्यानं पाणी दिलं होतं त्या सगळ्यांनी ऐकली. बहीण म्हणाली, बाय, तू चलू नको. तू बस. आम्हीच तुका नेवक येतो. आणि सगळे मिळून तिला न्यायला आले."

मग मागून, अगदी हळू, देवळात घालतात त्याच आवाजात, आबा म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पोरांनी ते उचललं, मग मोठ्यांनी. आबांनी पुढे होऊन बांबूचं एक टोक उचललं. "शाळा उघडा," ते म्हणाले, "आणि पाणी हाडा. गाठी कोण सोडवतलो मगे?"

ती शाळेत राहिली, नियमानं, सगळे दिवस. त्या दिवसांत शाळेच्या पायरीवर इतके डबे आले, की सुनील म्हणाला, बाई, आता जरा कमी करूक सांगा. सुके बांगडे, कुळथाची पिठी, आंबोळ्या. खिळे मारलेली खिडकी कोणी उघडली ते काही कळलं नाही, पण एका सकाळी ती उघडी होती.

दिवस पुरे झाल्यावर मनीषा बाहेर आली. ओवी तिच्याकडे सरळ धावत गेली नाही. कार्टी कुर्लीसारखी आडवी चालत निघाली, तोंड भलतीकडे करून, गालात हसत. मनीषा पायरीवर बसली, हाक मारली, आणि मग तिला धीर निघाला नाही, उठून स्वतःच न्यायला धावली. त्यानंतर गाठी सोडवायचा कार्यक्रम झाला. ज्या हातांना गाव घाबरलं होतं, त्याच हातांपुढे रांग लागली. सदरे आले, दोरी आली, गाय आली. आबांनी पंचा पुढे केला आणि म्हणाले, "चावी आसा गो आत, सांभाळून." त्यांची गाठ इतकी आवळलेली होती, की मनीषाला दात लावावे लागले. शेवटी माझा पदर. सोडवताना तिनं हळूच विचारलं, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शेवटाशिवाय काढलीत?" मी म्हटलं, तुझी वाट बघत होते.

आता मी निवृत्त आहे. दुपारी कुणाच्या ना कुणाच्या पडवीत पोरं जमतात, पदराला गाठ मारतात आणि मी कुर्लीला शेवटापर्यंत नेते. एक शंका मात्र मला सोडत नाही. वैभववाडीकडच्या माझ्या ओळखीच्या बायांना मी विचारलं. कुर्लीची काणी त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही. मग तो शेवट मनीषाच्या आईचा, की त्या दुपारी मोरीच्या कठड्यावर बसून तिनं स्वतःच बांधला?

गेल्या मे महिन्यात ती सुटीला आली होती. मी सरळच विचारलं. "मनीषा, खरां सांग. तो शेवट तुझ्या आवशीचो?"

ती हसली. "व्हय म्हाराजा!"

"की तूच केलंस, थयच्या थय?"

ओवीचा हात धरून ती पायऱ्या उतरायला लागली होती. मागे वळून, दोघी एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"